पान ब्याण्णव

“सर, ही नातालिन खोटं बोलतेय!”

सेलिना बाकावरून उठून उभीच राहिली. जोकीम मोठ्यानं वाचत होता, तो वाक्याच्या मध्येच थांबला आणि चिडून तिच्याकडे बघायला लागला. मे महिना होता. आमच्या वसईकडच्या गावात देवळामागे, म्हणजे चर्चच्या मागे, एक हॉल आहे, तिथं मी सुट्टीत मुलांचा वाचनवर्ग घ्यायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून सुरू केला होता.

“मत झालं,” मी म्हटलं. “पान?”

माझ्या वर्गाचा हा एकच नियम होता. पुस्तकाविषयी काय वाटेल ते बोला, सरांना आवडलेलं पुस्तक टाकाऊ आहे म्हणा, पण मत दिलं की पान सांगायचं. पान नसेल तर मतही नाही, खाली बसायचं.

“ब्याण्णव,” सेलिना म्हणाली. “जोकीमनं आत्ता वाचलं तेच. सगळे तिला विचारतात, तू काय पाहिलंस, तर ती बोलायच्या आधी खजिनदाराकडे बघते. दोनदा. जिनं खरंच पाहिलंय ती आठवायला लागेल ना, सर? त्याच्या तोंडाकडे कशाला बघेल?”

“बाय, तू पुढचं चोरून वाचलंस,” जोकीम म्हणाला.

“देवाशप्पत नाही!”

“मग तुला कसं कळलं?”

“तुला कसं नाही कळलं? तूच वाचत होतास की!”

वर्ग हसला. मीही हसलो. सेलिना तेव्हा सातवीत होती. अंगानं काटकुळी, आवाज मात्र देवळाच्या घंटेसारखा. वर्गात पहिल्यांदा आली तेव्हा खाली मान घालून पुटपुटायची. मीच तिला शिकवलं होतं, हात बाजूला, मान वर, पूर्ण वाक्य, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढा आवाज.

पुस्तकाचं नाव होतं ‘मुगुट’. रहस्यकथा होती आणि ती आमच्याच गावातल्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर एमेरितानं लिहिली होती. सिस्टर शाळेत माझ्याबरोबर मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर तिनं ही कादंबरी लिहिली, वरिष्ठांची परवानगी घेऊन पुण्याला पाठवली आणि ती छापूनही आली. गोष्ट अशी, की सणाच्या आदल्या दिवशी देवळातल्या मावलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, डोक्यावरचा सोन्याचा मुगुट नाहीसा होतो. आळ येतो मेणबत्त्या लावणाऱ्या गरीब पास्कूवर. नातालिन नावाची एक लहान मुलगी साक्ष देते, की मी पास्कूला गाठोडं घेऊन जाताना पाहिलं. सिस्टर दमियाना नावाची एक म्हातारी नन या चोरीचा छडा लावते. चोर निघतो देवळाचा खजिनदार.

दमियानाला नातालिनचं खोटं लगेच कळतं, पण ती मुलीला सगळ्यांसमोर काही विचारत नाही. मुगुट पितळेचा होता, खरा आधीच बँकेत ठेवलाय, अशी हूल ती उठवते. खजिनदार घाबरून मुगुट तपासायला सोनाराकडे जातो आणि तिथं सापडतो.

हा शेवट वाचून झाला त्या दिवशी वर्गात भांडण जुंपलं. जोकीम म्हणाला, दमियाना हुशार. सेलिना म्हणाली, दमियाना भित्री.

“तिला ब्याण्णव पानावरच कळलंय. मग तिथंच ओरडून का नाही सांगितलं, की ही खोटं बोलते? पास्कूला किती दिवस कोंडून ठेवलं! मी असते तर सांगितलं असतं.”

“हे मला विचारू नकोस,” मी म्हटलं. “जिनं लिहिलंय ती बाहेर उभी आहे. तिला विचार.”

सिस्टर एमेरिता खरंच व्हरांड्यात उभी होती. कधी आली होती कोण जाणे. बुटकी, गोल, चष्मा नाकावर घसरलेला. आत येऊन ती पुढच्याच बाकावर मुलांमध्ये बसली.

“विचार, बाय.”

सेलिनानं विचारलं. तोच प्रश्न, तेवढ्याच आवाजात. सिस्टरनं शांतपणे ऐकून घेतलं.

“दमियानानं तिथं सांगितलं असतं तर कोण पकडलं गेलं असतं?”

“नातालिन.”

“आणि मुगुट कोणाकडे होता?”

“खजिनदाराकडे.”

“मग?”

सेलिनानं मान डोलावली. आम्हाला वाटलं, पटलं. पण ती म्हणाली, “तरीपण, सिस्टर. खोटं ते खोटंच. तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं.”

सिस्टरचा चेहरा असा फुलला, की मला हेवा वाटला. मुलं गेल्यावर म्हणाली, “सर, पुण्याच्या पेपरात कोणीतरी चांगलं लिहिलं त्याचं मला एवढं नाही वाटलं. ही पोरगी माझ्याशी भांडली!”

“दुसरी गोष्ट कुठवर आलीय?”

“अर्धी झालीय. दमियाना रेल्वेनं नाशिकला निघालीय आणि डब्यात एक बाई बेपत्ता होते.” मग तिनं चष्मा पुसला. “पण पुढं लिहीन की नाही, माहीत नाही. आमच्या संघाच्या प्रमुख, प्रोव्हिन्शियल मदर, त्यांच्याकडे तक्रार गेलीय. पुस्तकामुळे देवळाची बदनामी होते, ननची थट्टा होते. मदरनं आमच्या सुपिरियरना कळवलंय, की गावातल्या वाचकांना बोलवा, त्यांचं मत ऐका. लोकांना बोचत असेल, तर एमेरितानं लेखणी खाली ठेवावी.”

“आणि तुम्ही ठेवणार?”

“आज्ञापालनाचं व्रत घेतलंय मी. ठेवीन.” हे ती अगदी सहज म्हणाली. पण जाता जाता वळून पाहिलं. “ती बेपत्ता झालेली बाई कुठं आहे, हे मला एकटीलाच माहीत आहे, सर. मी लिहिलं नाही तर ती तशीच राहील.”

सभा पुढच्या रविवारी ठरली. मी कॉन्व्हेंटच्या सुपिरियर सिस्टर पावलांना जाऊन सांगितलं, की मुलांचंही मत ऐका. त्या हो म्हणाल्या. मुलांच्या वतीनं सेलिना बोलेल, असं मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. गावभर ते झालंही. माझ्या हातातला हा हुकमाचा पत्ता होता.

त्याच आठवड्यात विन्सेंट रुमाव माझ्याकडे आला. आमच्या वाचनालयाचा तो अध्यक्ष. गावात त्याच्या सोनचाफ्याच्या दोन मोठ्या वाड्या होत्या. पहाटे त्याची फुलं दादरच्या बाजारात जायची आणि गावातल्या कितीतरी बाया त्याच्याकडे फुलं खुडायला, पुड्या बांधायला असायच्या. तो आला आणि खुर्चीत बसण्याआधी रुमालानं खुर्ची पुसली. मग स्वतःच्याच हातातल्या रुमालाकडे पाहून त्याचं तोंड कडू झालं.

“बघा सर. आता मला बसायचीसुद्धा चोरी.”

कारण कादंबरीतला खजिनदार रविवारी देवळात मिस्साला पहिल्या बाकावर बसतो, आणि बसण्याआधी बाक रुमालानं पुसतो. विन्सेंटही तसंच करायचा. तेवढ्यावरून गावानं त्याला ओळखून टाकलं होतं.

“बाजारात पोरं विचारतात, अंकल, मुगुट कुठं ठेवलाय? माझा नातू विचारतो. सहा वर्षांचा आहे तो, सर. मी आयुष्यात देवळाची एक मेणबत्ती घरी नेली नाही.”

“विन्सेंट, सिस्टरच्या मनात तुम्ही नव्हतात. अर्धं गाव बाक पुसून बसतं.”

“तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. गावाला कोण सांगणार?” तो उठला. “सणाच्या तोंडावर देवळात चोरी, चोर कोण तर देवळाचाच माणूस, छडा कोण लावणार तर नन! श्रद्धा डळमळते अशानं. मुलांच्या हातात पडायला नको हे पुस्तक.”

मला त्याची कीव आली. त्याच्यावर अन्याय झालाच होता. पण तो सिस्टरनं केलेला नव्हता.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. नवीन पंखे लावले होते, ते नुसते आवाज करत होते. स्टेजवर फादर आल्बन, सिस्टर पावला आणि अध्यक्ष म्हणून विन्सेंट रुमाव. सिस्टर एमेरिता अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली होती. मी तिच्या शेजारी जागा धरली.

पहिले उठले पोस्टमास्तर कोरिया. निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना पोस्टमास्तरच म्हणायचं.

“रहस्यकथा म्हणून नापास,” ते म्हणाले. “चोर मी चाळिसाव्या पानावर ओळखला. आणि चोरीचा माल घेऊन कोणी गावातल्याच सोनाराकडे जातं का? वसईला जायला एसटी नव्हती?”

“पोस्टमास्तर, तुमची मनीऑर्डर तीन महिन्यांनी पोचायची, ती कुठं असायची हे आधी ओळखा,” मागून कोणीतरी बोललं आणि हॉल हसला.

मग अपोलिन बाई. हातात पुस्तक, त्यात खुणेला बसचं तिकीट. “मला आवडलं हो. एका बैठकीत वाचलं, भात करपला. पण एक सांगते. ही दमियाना सगळ्या गावात हिंडते, याच्या दारी, त्याच्या दारी, तिला एक माणूस चहा विचारत नाही. आपल्या गावात सिस्टर दारात आली आणि चहा नाही, असं होतं का? तिथं माझा विश्वास उडाला.”

माझ्या शेजारी सिस्टर एमेरिता हसू दाबत होती. “बरोबर आहे तिचं,” ती पुटपुटली. “चहा राहिला.”

कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, ननला हेर केलं हेच मोठं, आजवर आपल्याकडे नन म्हणजे नुसती प्रार्थना करणारी नाहीतर छडी मारणारी. एक गृहस्थ म्हणाले, नन रात्री एकटी देवळात फिरते हे दाखवायला लेखिकेला काही वाटलं नाही का. फादर आल्बन तरुण होते, त्यांनी पुस्तक मनापासून वाचलं होतं. त्यांचं म्हणणं, की दमियाना कुणाच्याही पापनिवेदनाचा फायदा घेत नाही, नुसतं बघून बघून सत्य शोधते, हे त्यांना फार भावलं. सिस्टर पावलांनी मात्र सांगितलं, की कॉन्व्हेंटमध्ये जेवणाच्या वेळी पुस्तकात दाखवल्यात तशा गप्पा चालत नाहीत, आमच्यात असं नसतं.

“असतं,” सिस्टर एमेरिता माझ्या कानाशी म्हणाली.

मतं दोन्हीकडे सारखीच पडत होती. सिस्टर पावलांच्या कपाळावरची आठी सैल व्हायला लागली होती. अपोलिन बाईच्या चहावर तर त्याही हसल्या होत्या. मला वाटलं, आता एकाच धक्क्याची गरज आहे.

“मुलांचं ऐकू या,” फादर म्हणाले. “मच्याडो सरांनी वर्गात हे पुस्तक वाचून घेतलंय.”

सेलिना तिसऱ्या रांगेतून उठली. शेजारी तिची आई इल्डा बसली होती, पदर घट्ट धरून, खाली बघत. सेलिनानं इस्त्रीचा पांढरा फ्रॉक घातला होता. स्टेजपुढं येऊन ती वळली. हात बाजूला, मान वर. मी शिकवलं होतं तशी.

मग तिनं मान वळवून स्टेजवर विन्सेंटकडे पाहिलं.

आणि बोलायला लागली.

“आदरणीय फादर, सिस्टर, आणि जमलेल्या वडीलधाऱ्यांनो. ‘मुगुट’ हे पुस्तक मी वाचलं. हे पुस्तक वाचून मला दुःख झालं. देवळातली माणसं चोर असतात आणि सिस्टर लोक हेरगिरी करतात, असं यात दाखवलं आहे. अशानं आम्हा मुलांची श्रद्धा डळमळते. हे पुस्तक मुलांच्या हातात पडू नये, असं मला वाटतं.”

आवाज खणखणीत. एक शब्द अडखळला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू आलं.

टाळ्या पडल्या. पोस्टमास्तर कोरियांनी शेजाऱ्याला म्हटलेलं मला ऐकू आलं, “काय बोलते पोर! कोणी शिकवलं हो?”

माझ्या तोंडात शब्द आला होता. एकच शब्द, वर्षानुवर्षांचा. पान? मी अर्धा उठलोही होतो. त्या एका शब्दावर सगळं कोसळलं असतं. तिला पान सांगता आलं नसतं, आणि जे पान तिला पाठ होतं ते तिनं सांगितलं असतं तर आणखीच उघडी पडली असती.

माझ्या मनगटावर सिस्टर एमेरितानं हात ठेवला. जोर फारसा नव्हता, पण हात काढला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती सेलिनाकडे बघत होती. मी खाली बसलो.

सिस्टर पावला उठल्या आणि म्हणाल्या, मोठ्यांची मतं काहीही असोत, एका निष्पाप लेकराला जे वाटलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते खरंच मानलं होतं.

लोक चहाकडे वळले. आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो. सेलिना आमच्या समोरून गेली, आईचा हात धरून. आमच्याकडे तिनं पाहिलं नाही. इल्डानं पाहिलं, आणि झटकन मान फिरवली.

“सिस्टर, मला विचारू द्यायचं होतं,” मी म्हटलं. “हे शब्द तिचे नव्हते. हेच्या हेच शब्द विन्सेंट माझ्या घरी बोलून गेलाय. मी फक्त पान विचारलं असतं—”

“आणि मग?”

“मग खरं बाहेर आलं असतं!”

“कोण पकडलं गेलं असतं, सर?”

मी रस्त्यानं जाणाऱ्या मायलेकींकडे पाहिलं.

“इल्डा पहाटे कुणाच्या वाडीवर फुलं खुडते, ठाऊक आहे ना तुम्हाला?” ती म्हणाली. “पोर हॉलभर लोकांपुढं खोटी ठरली असती. उद्या तिची आई घरी बसली असती. आणि विन्सेंट? त्यानं काय केलं, कोणी पाहिलंय?”

आत कपबश्यांचा आवाज होत होता. विन्सेंट दारातल्या एका खुर्चीवर बसायला गेला, खिशातून रुमाल काढला, आणि इकडेतिकडे बघून तसाच परत आत ठेवला.

“तुमचं पुस्तक गेलं, सिस्टर.”

“हो.” तिनं चष्मा काढला. मला वाटलं, आता रडेल. पण ती विचार करत होती. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर तपासताना करायची तसा. “मी चुकलेय, सर. ब्याण्णव पानावर.”

“काय चुकलंय?”

“नातालिन दोनदा बघते, असं लिहिलंय मी. दोनदा नाही बघत पोरं. एकदाच बघतात. एकदा बघून घेतलं, की पुन्हा त्या बाजूला मान वळवायचा धीर होत नाही. आज पाहिलं ना तुम्ही.” तिनं चष्मा पुन्हा लावला. “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायला हवं होतं.”

पुढची आवृत्ती निघाली नाही. सिस्टर पावलांनी मदरना कळवलं, मदरनी सिस्टर एमेरिताला, आणि तिनं लेखणी खाली ठेवली. वाचनालयाच्या कपाटातून ‘मुगुट’ निघाला. कोणी जाळला-बिळला नाही, नुसता निघाला. सिस्टर पुढं सात-आठ वर्षं जगली, लहान मुलांना प्रार्थना शिकवायची, कॉन्व्हेंटच्या बागेत तोंडली लावायची. मी एकदा विचारलं, “डब्यातली ती बाई कुठं गेली, मला तरी सांगा.” ती हसली आणि म्हणाली, “तुम्हाला सांगितलं तर ते लिहिल्यासारखंच होईल, सर.” नाही सांगितलं. ती बाई अजून बेपत्ताच आहे.

सेलिना त्यानंतर वर्गाला आली नाही. मी दोनदा निरोप पाठवला. आई म्हणाली, क्लास लावलाय, वेळ नसतो. विन्सेंट रुमावनं तिच्या बारावीपर्यंतची फी भरली, असं पुढं कळलं. लोक अजूनही त्याचं ते चांगलं काम म्हणून सांगतात.

ती आता तिशी ओलांडलेली बाई आहे. गावात, आजूबाजूच्या गावांत काही कार्यक्रम असला की सूत्रसंचालनाला तिलाच बोलावतात. मागच्या डिसेंबरात मी गेलो होतो, माझ्याच वयाच्या एका मास्तरांचा सत्कार होता. मी मागे, दाराजवळ बसलो. ती माईकपाशी आली. हात बाजूला, मान वर, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत.

“काय बोलते हो ही,” शेजारचा माणूस मला म्हणाला. “कोणी तयार केलं असेल?”

मी बघत होतो. बोलायला सुरुवात करण्याआधी तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं, जिथं पाहुणे आणि देणगीदार बसले होते.

एकदाच.